एक्के तर सारखेच होते!

परीक्षा जवळ आली की आमच्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी जोरात चालतात : झेरॉक्स आणि ब्रिज. मला ब्रिज सीनियर्सनी शिकवला. घरी मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हुकूम, हात, भिडू हे सगळं ओळखीचंच असतं. नवीन असते ती बोली. पत्ता टाकायच्या आधीच सांगायचं, हुकूम अमुक आणि आम्ही इतके हात करणार. केले तर गुण, नाही केले तर दंड!

समोरचे जोरात बोली लावायला लागले की मला चेव यायचा. हातात काही नसताना मीही बोली चढवायचो. एकदा समोरच्यांनी डबल दिला, आमचे चार हात कमी पडले आणि माझा भिडू, म्हणजे माझा रूममेटच, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत मी ईली कल्बर्टसन या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. ब्रिजच्या इतिहासातला हा सगळ्यात धाडसी बोलीवाला. म्हटलं, बघू तरी याचं कसं जमायचं!

कल्बर्टसनचा जन्म १८९१ साली रुमानियात झाला. वडील अमेरिकन मायनिंग इंजिनियर (म्हणजे आपल्यातलेच), आई रशियन, कोसॅक घराण्यातली. कॉकेशसमधल्या तेलविहिरींमुळे घरात पैसा भरपूर होता. १९१७ ची रशियन क्रांती आली आणि तो सगळा बुडाला. मग हा पठ्ठ्या युरोपात पत्त्यांवर पोट भरू लागला आणि १९२१ मध्ये जवळजवळ रिकाम्या खिशाने अमेरिकेत पोचला. न्यूयॉर्कमध्ये त्याला जोसेफिन डिलन भेटली. ती तिथली नावाजलेली ब्रिज शिक्षिका होती. १९२३ मध्ये त्यांनी लग्न केलं. टेबलावरही दोघं भिडू झाले.

तोपर्यंत ऑक्शन ब्रिज चालायचा. त्यात कमी बोली लावून जास्त हात केले तरी ते गेमसाठी मोजले जायचे, त्यामुळे उगाच वर चढायची गरज नसे. १९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली. आता जेवढे हात बोलीत कबूल केले तेवढेच गेमला धरायचे. म्हणजे गप्प बसणाऱ्याचं नुकसान आणि उगाच बोलणाऱ्याला दंड. धाडस किती करायचं हाच खेळाचा मुख्य प्रश्न झाला.

कल्बर्टसनने हे बरोबर ओळखलं. १९२९ मध्ये त्याने ‘द ब्रिज वर्ल्ड’ हे मासिक काढलं आणि १९३० मध्ये आपली पद्धत सांगणारं ‘ब्लू बुक’. मंदीचे दिवस होते, घरबसल्या खेळायला पत्त्यांइतकं स्वस्त दुसरं काय? पुस्तक धडाधड खपलं. त्याच्या पद्धतीत फोर्सिंग बोली हा मोठा भाग होता. फोर्सिंग म्हणजे अशी बोली, जिच्यावर भिडूने पास म्हणायचंच नाही. मी पहिलीच बोली दोनची लावली, तर हातात एक चित्र नसलं तरी माझ्या भिडूने गेमपर्यंत बोली चालू ठेवायची. विचार करा, किती विश्वास लागत असेल!

बाकीच्या तज्ज्ञांना अर्थातच हे सहन झालं नाही. त्यांनी एकत्र येऊन १९३१ मध्ये स्वतःची ‘ऑफिशियल’ पद्धत काढली. कल्बर्टसनने सरळ आव्हान दिलं : १५० रबर खेळू, मी हरलो तर ५,००० डॉलर देईन, तुम्ही हरलात तर १,००० द्या. पैसे धर्मादाय कामाला. समोर आला सिडनी लेन्झ, अत्यंत मान असलेला जुना खेळाडू. त्याचा भिडू ऑस्वाल्ड जॅकोबी, तिशीच्या आतला, गणितात विलक्षण हुशार आणि बोलीला आक्रमक. पानं नसताना बोली लावून प्रतिस्पर्ध्याला फसवायचं, ज्याला सायकिक बोली म्हणतात, त्यात तो पटाईत. रेफरी होता लेफ्टनंट आल्फ्रेड ग्रुएन्थर, वेस्ट पॉइंटला केमिस्ट्री शिकवणारा. पुढे तो नाटोचा सरसेनापती झाला!

७ डिसेंबर १९३१ ला न्यूयॉर्कमध्ये सामना सुरू झाला. पेपरवाल्यांनी तो एखाद्या युद्धासारखा गाजवला. सुरुवातीला लेन्झची बाजू पुढे होती. पण जॅकोबीच्या थापांनी कल्बर्टसन जेवढा फसला, त्याहून जास्त गोंधळ लेन्झचा उडू लागला. भिडूकडे खरंच पानं आहेत की नाहीत? लेन्झ टेबलावरच त्याला बोलू लागला. शेवटी १०३ रबर झाल्यावर जॅकोबी सामना सोडून निघून गेला आणि त्याच्या जागी कमांडर लिगेट बसला. कल्बर्टसननेही बरेच भिडू बदलले, पण निम्म्याहून जास्त रबर जोसेफिन त्याच्यासमोर होती, शांतपणे.

जानेवारी १९३२ मध्ये सामना संपला. कल्बर्टसन ८,९८० गुणांनी जिंकला. आता जरा आकडेमोड. एकूण डाव ८७९. कल्बर्टसनच्या बाजूला एक्के आले १,७४५, लेन्झच्या बाजूला १,७७१. राजे इकडे १,७७५, तिकडे १,७४१. म्हणजे पानं जवळपास सारखीच! आणि डावामागे फरक जेमतेम १० गुणांचा. एवढ्या फरकावरून कुठली पद्धत श्रेष्ठ हे ठरत नाही, हे आपलं प्रोबॅबिलिटीचं पुस्तकही सांगेल. सिद्ध झालं ते वेगळंच. दोन्ही बाजू धाडसी होत्या, पण एका बाजूचं धाडस भिडूला ठाऊक होतं, दुसऱ्या बाजूचं नव्हतं.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. १९३७ मध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धेत कल्बर्टसनचा संघ ऑस्ट्रियाकडून हरला. त्यात जोसेफिनही होती. १९३८ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. भिडूवर भरवसा ठेवायला जगाला शिकवणाऱ्या माणसाला घरातली जोडी टिकवता आली नाही. नंतर त्याने ब्रिज जवळजवळ बाजूला ठेवला आणि सगळ्या देशांचा संघ करून युद्धं कशी थांबवायची याच्या योजना मांडत राहिला. ही त्याची सगळ्यात मोठी बोली, पण तिला साथ देणारा भिडू मिळाला नाही. २७ डिसेंबर १९५५ ला तो व्हरमाँटमध्ये वारला. काही महिन्यांतच, १९५६ मध्ये, जोसेफिनही गेली.

त्याच्या पद्धतीतलं बरंचसं आज मागे पडलंय. पण माझ्यापुरता एक नियम मी घेतलाय. समोरचे कितीही ओरडोत, वर चढायचं ते भिडूला समजेल एवढंच. तिसऱ्या दिवशी मी रूममेटला चहा पाजला आणि कागदावर आमच्या दोघांच्या बोलींचे अर्थ लिहून काढले. आता आम्ही पूर्वीपेक्षा जास्त धाडसाने खेळतो.

हरतो अजूनही. पण बोलणं बंद होत नाही.