बासरीला सातवे छिद्र कशासाठी? पन्नालाल घोष यांनी सोडवलेला एका सुराचा पेच

वरातीच्या बँडमधल्या क्लॅरिनेटचा एखादा सूर उतरलेला लागला, की कारागीर चावीची गादी किंचित वर उचलतो किंवा छिद्र जरासे मोठे करतो. सूर चढा असेल तर छिद्राच्या कडेला थोडे भरण घालतो. साध्या बांबूच्या बासरीला चाव्याच नसतात. मग तिथे अडलेला सूर कसा काढायचा? पं. पन्नालाल घोष यांनी त्यासाठी एक छिद्र वाढवले.

१९११ मध्ये बारिसाल (आता बांगलादेशात) येथे जन्मलेल्या घोष यांच्या घरी वडिलांची सतार होती. १९४० मध्ये ते मुंबईत आले, 'बसंत' (१९४२) चित्रपटाला संगीत दिले आणि १९४७ पासून, नाव झालेले असतानाही, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकू लागले.

तोवर बासरी प्रामुख्याने लोकसंगीतात आणि साथीला वाजायची. ख्यालाचा गंभीर आलाप तिच्यावर यावा म्हणून त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बासरी घेतली. हवेचा स्तंभ लांब, तर सूर खर्जाचा. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला हे शिकलो होतो, पण बोटे किती ताणावी लागतात ते तिथे कोणी सांगितले नव्हते!

नेमका पेच काय होता?

सहाही छिद्रे बंद केली की मंद्र पंचम लागतो. त्याखालचा तीव्र मध्यम मिळतच नाही. मध्य सप्तकात तो सगळी छिद्रे उघडल्यावर मिळतो; पण लगेच पंचम हवा तर सहाही छिद्रे एकदम झाकून जोराने फुंकावे लागते. म्हणजे या दोन सुरांमध्ये मींड जवळपास अशक्य. यमन वाजवणाऱ्याची केवढी पंचाईत!

घोष यांनी खालच्या टोकाकडे, इतर छिद्रांच्या रेषेपासून थोडे बाजूला, करंगळी पोहोचेल अशा जागी सातवे छिद्र पाडले. ते उघडे असेल तर पंचम, झाकले तर तीव्र मध्यम. करंगळी हळूहळू सरकवली की मींड तयार.

१९५६ मध्ये ते आकाशवाणीच्या वाद्यवृंदासाठी दिल्लीला गेले. तिथेच १९६० मध्ये, पन्नाशीही न गाठता, त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर, तसेच पुण्याचे पं. केशव गिंडे यांनी सात छिद्रांची परंपरा पुढे नेली. पं. हरिप्रसाद चौरसिया मात्र सहाच छिद्रांची बासरी वाजवतात. त्यामुळे दुकानात बहुतेक बासऱ्या सहा छिद्रांच्याच दिसतात. सातवे हवे असेल तर आधी सांगून ठेवा आणि करंगळी कुठवर पोहोचते ते मोजून द्या.