राजवाड्यात पुस्तकं वाचून दाखवणारा नोकर मराठ्यांचा इतिहासकार कसा झाला?

राजाच्या सगळ्यात जवळ कोण असतं?

दिवाण, सेनापती, सरदार अशी उत्तरं लगेच सुचतात. पण ही मंडळी राजाला भेटतात ती दरबारात. दरबार उठला, राजा आत गेला, की त्याच्याजवळ वेगळीच माणसं असतात. कपडे काढून ठेवणारा, ताटाची व्यवस्था बघणारा, पत्रं वाचून दाखवणारा, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला बाहेर बसवायचं ते सांभाळणारा.

जपानच्या सम्राटाच्या वाड्यात अशा माणसाला जिजू म्हणतात. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा सम्राटाची घोषणा आदल्या रात्री रेकॉर्ड करून ठेवली होती. युद्ध थांबू नये म्हणून बंडखोर सैनिक त्या रेकॉर्ड शोधत वाड्यात घुसले. पण त्या एका जिजूने लपवून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या रेडिओवर वाजल्या.

आपल्याकडेही अशी माणसं होतीच. शिवकाळात अठरा कारखाने होते, त्यात जामदारखाना, फरासखाना, पीलखाना अशी वाड्याची आणि दौलतीची एकेक खाती यायची. हुजरे, खिदमतगार, आबदार हे शब्द तिथलेच. पुण्यातलं खाजगीवाले हे आडनावसुद्धा याच कामावरून पडलेलं आहे. पुढे बडोद्याच्या गायकवाडांकडे या सगळ्याचं एक रीतसर खातंच होतं. त्याचं नाव खानगी खातं.

या खानगीच्या नोकरीत ३६ वर्षं घालवलेल्या एका माणसाचं नाव आज वेगळ्याच कारणासाठी घेतलं जातं. ते म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई.

कोकणातून थेट राजवाड्यात

सरदेसाईंचा जन्म १७ मे १८६५ चा. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं गोविल. घरची परिस्थिती बेताची. रत्नागिरीला शाळा झाली, मग पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं एल्फिन्स्टन असं करत १८८८ साली ते बी. ए. झाले. त्या काळात बी. ए. झालेला माणूस म्हणजे सरकारी नोकरी ठरलेली. पण सरदेसाईंना बोलावणं आलं बडोद्याहून.

तेव्हा बडोद्याच्या गादीवर होते सयाजीराव गायकवाड. सरदेसाईंपेक्षा ते जेमतेम दोन वर्षांनी मोठे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन राजा झाला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. उशिरा सुरुवात झाल्यामुळे असेल, पण पुढे वाचनाची भूक आयुष्यभर राहिली.

राज्यकारभार, प्रवास, भेटीगाठी यातून स्वतः पुस्तक घेऊन बसायला वेळ मिळायचा नाही, त्यात तब्येतीच्या तक्रारी. म्हणून महाराजांनी वाचून दाखवायला माणूस ठेवायचं ठरवलं. १८८९ च्या सुरुवातीला सरदेसाई या जागेवर रुजू झाले. हुद्द्याचं नाव होतं रीडर.

रीडरचं काम नेमकं काय?

ऐकायला सोपं वाटतं. पुस्तक उघडायचं आणि वाचायचं. पण राजाचा वेळ हा राजाचा असतो. बोलावणं कधी येईल ते सांगता येत नाही. सकाळी येईल, जेवणानंतर येईल, रात्री उशिरा येईल. महाराज मकरपुऱ्याच्या वाड्यावर गेले की तिकडे जायचं, थंड हवेच्या ठिकाणी गेले की तिकडे जायचं, युरोपला निघाले तर बोटीवर चढायचं. सरदेसाईंनी महाराजांबरोबर युरोपचे प्रवासही केले.

आणि महाराज नुसते ऐकून सोडून देणारे नव्हते. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असं काहीही निघायचं. त्यावर टिपणं काढायची, सार लिहायचं, प्रश्न आला तर उत्तर द्यायचं. एखादं पुस्तक आवडलं, की ते मराठीत आणायचा हुकूम व्हायचा.

अशाच हुकमातून मॅकियाव्हेलीचं राजनीतीवरचं प्रसिद्ध पुस्तक सरदेसाईंनी राजधर्म या नावाने मराठीत आणलं. मग इंग्लंडचं साम्राज्य कसं पसरलं ते सांगणारं सीली या इतिहासकाराचं पुस्तक आलं, इंग्लंड देशाचा विस्तार या नावाने. एका संस्थानिकाने आपल्याच वाड्यात ही दोन पुस्तकं मराठीत करून घ्यावीत, यावरून सयाजीरावांची नजर कुठे होती ते कळतं.

याच बडोद्यात १८९३ साली अरविंद घोष नोकरीला आले. महाराजांची इंग्रजी भाषणं आणि पत्रं लिहायचं काम त्यांच्याकडेही यायचं. म्हणजे वाड्यात एकीकडे दागिने, घोडे, पाहुणे आणि पंगती यांचा हिशेब चालायचा, आणि त्याच वाड्यात अशी माणसंही राबत होती.

मुलांना शिकवायचं म्हणून लिहिलं, त्याचं पुस्तक झालं

रीडरच्या कामाला आणखी एक काम जोडलं गेलं. राजपुत्रांना आणि राजकन्या इंदिराराजेंना शिकवायचं.

इतिहास शिकवायला बसल्यावर सरदेसाईंच्या लक्षात आलं, की मुलांच्या हातात द्यावा असा हिंदुस्थानचा सलग इतिहास मराठीत नाहीच. इंग्रजीत पुस्तकं होती, पण ती इंग्रजांच्या नजरेतून लिहिलेली. मराठीत बखरी होत्या, पण त्यात दंतकथा आणि खरं काय ते वेगळं करायला बसावं लागायचं. मग ते स्वतःच धडे लिहून काढायला लागले.

या टिपणांचा गठ्ठा वाढत गेला आणि १८९८ साली त्यातून मुसलमानी रियासत छापून आली. १९०२ पासून मराठी रियासतीचे भाग निघायला लागले. पुढे १९२३ साली ब्रिटिश रियासत आली. रियासत म्हणजे राज्य, सत्ता. कोणाची सत्ता कशी आली, कशी चालली आणि कशी गेली, हे साध्या मराठीत सलग सांगायचं, एवढाच त्यामागचा विचार. लोकांनी त्यांचं नावच रियासतकार ठेवलं.

हे सगळं लिखाण नोकरी सांभाळून चाललं होतं. पुढे त्यांच्याकडे खानगी खात्याच्या हिशेबाचंही काम आलं. दिवसा वाड्याच्या खर्चाचे आकडे आणि उरलेल्या वेळात पेशव्यांच्या मोहिमा.

१९०४ साली त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला बंगालमधल्या एका अभ्यासकाशी. नाव जदुनाथ सरकार. औरंगजेबावर लिहिताना त्यांना मराठी कागद हवे होते, आणि ते समजावून देणारा माणूस हवा होता. सरदेसाईंना फारसी कागदांची गरज होती. या देवाणघेवाणीतून जमलेली दोस्ती पन्नास वर्षांहून जास्त टिकली, थेट १९५८ साली जदुनाथ जाईपर्यंत.

मालक नाराज झाला

१९२५ साल उजाडलं. सरदेसाई साठीला आले होते. रियासतीचं काम अर्धवट होतं. पेशवाईचा उत्तरार्ध लिहायचा होता, जुने भाग नव्या कागदांच्या आधारे परत लिहायचे होते. त्यांना आता स्वतःचा वेळ हवा होता. त्यांनी नोकरीतून मोकळं करायची विनंती केली.

महाराजांना ते आवडलं नाही. इतक्या वर्षांचा जवळचा माणूस आपण होऊन निघतोय, हेच त्यांना पटेना. शेवटी सुटका झाली, पण नाराजीची किंमत पेन्शनमधून वसूल झाली. अपेक्षेपेक्षा कमी पेन्शनवर सरदेसाई बडोद्यातून बाहेर पडले.

यात कोणाला खलनायक ठरवायची गरज नाही. याच सयाजीरावांनी सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, गावोगाव वाचनालयं उघडली, आणि सरदेसाईंच्या हातात पुस्तकंही त्यांनीच ठेवली. तिकडे महाराजांचे चार मुलगे, त्यातले तीन तोपर्यंत वारले होते. हे राजपुत्र सरदेसाईंनी डोळ्यांसमोर वाढताना पाहिलेले. अशा वेळी जुना माणूस निघाला, तर राजाला ते लागणारच.

पण खानगीच्या नोकरीची खरी अडचण इथेच आहे. दिवाणाच्या कामाची वेळ ठरलेली असते, त्याचं काम दुसऱ्याला देता येतं. जवळच्या माणसाचं तसं नसतं. राजाला त्याची सवय झालेली असते. त्यामुळे त्याचा राजीनामा हा राजाला रुसवा वाटतो.

त्याच सुमारास सरदेसाईंवर त्याहून मोठा घाव बसला. शांतिनिकेतनात शिकलेला आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेलेला त्यांचा तरुण मुलगा श्यामकांत तिकडेच वारला. त्याची पत्रं पुढे पुस्तकरूपाने छापली गेली.

खरं मोठं काम साठीनंतर

सरदेसाई कामशेतला येऊन राहिले. पुणे-मुंबई रेल्वेवरचं, इंद्रायणीकाठचं हे तेव्हाचं लहानसं गाव. इथे कोणाचं बोलावणं येणार नव्हतं.

पुण्यात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल पडून होते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे. मुंबई सरकारने ते तपासून निवडक कागद छापायचं ठरवलं, आणि जदुनाथांच्या आग्रहामुळे १९२९ साली हे काम सरदेसाईंकडे आलं. तेव्हा त्यांचं वय होतं ६४. दफ्तर एकाच माणसाच्या हाती दिलं म्हणून पुण्यातल्या अभ्यासकांनी नाराजीही दाखवली. पण अवघ्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड छापून बाहेर पडले.

इतक्या झपाट्याने हे कसं जमलं? कागदाच्या ढिगातून कामाचं तेवढं उचलायचं, त्याचं सार काढायचं आणि वेळेत पुढे ठेवायचं, ही सवय त्यांना ३६ वर्षं लागलेली होती. आधी ऐकणारा एक राजा होता, आता अख्खा महाराष्ट्र होता.

आज बुलढाणा जिल्ह्यात धाडला राहणारा एखादा पोरगा सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवरावांचं पुढे काय झालं ते शोधतो, किंवा १७२४ साली आपल्याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाची लढाई का झाली ते वाचतो. तेव्हा त्याला हे सगळं मराठीत सलग सापडतं, कारण कोणीतरी ते एका जागी आणून ठेवलं होतं.

वयाच्या ८१ व्या वर्षी सरदेसाईंनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत आणायला सुरुवात केली. १९४६ ते १९४८ या काळात त्याचे तीन खंड आले. १९५६ साली माझी संसारयात्रा हे आत्मचरित्र आलं, १९५७ साली पद्मभूषण मिळालं. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेतला त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ९४ वर्षांचे होते.

बडोद्याच्या खानगी खात्यात कितीतरी माणसं कामाला होती. त्यातल्या बहुतेकांची नावं आज कोणाला माहीत नाहीत, कारण त्या नोकरीची रीतच तशी, नाव फक्त मालकाचं राहतं. सरदेसाईंनी मालकासाठी वाचलं, मालकाच्या मुलांसाठी लिहिलं, आणि त्यातून जे शिल्लक राहिलं ते आपल्या सगळ्यांसाठी ठेवून गेले. त्यासाठी कापली गेलेली पेन्शन त्यांनी निमूटपणे सोसली.