मनोरमेची आई

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. संस्कृत जाणणाऱ्या विदुषी, विधवांसाठी काढलेले शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, बायबलचे मराठी भाषांतर, एवढे तरी ठाऊक असते. या सगळ्या धावपळीत त्यांच्या कडेवर, आणि पुष्कळदा कडेपासून फार दूर, एक लहान मुलगी होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तिचे नाव मनोरमा. आज त्या मुलीच्या बाजूने रमाबाईंचे चरित्र पाहू या. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या आईबापांना ते जवळचे वाटावे. दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलांना आश्रमशाळेत ठेवायचे की बरोबर न्यायचे, हा प्रश्न धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दरवर्षी पडतो. शहाद्याच्या, नंदुरबारच्या नोकरदार घरांत तोच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला शिकवले. दिवसा घरकामातून सवड नसे, म्हणून उजाडण्याआधी मुलीला जवळ घेऊन, लाडीगोडीने जागे करून त्या पाठ देत. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रमाबाईंची शाळा म्हणजे आईची कूस आणि पहाटेची वेळ. पुराणे सांगत गावोगाव फिरणारे हे कुटुंब १८७४ च्या दुष्काळात उद्ध्वस्त झाले. आईवडील गेले, मागोमाग थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही वारला.

त्याच वर्षी त्यांनी विपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे दोन्हीकडचे लोक तुटले. आसामातल्या सिल्चरला त्यांचा संसार सुरू झाला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली. मनाला आनंद देणारी म्हणून मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये विपिनबाबू कॉलऱ्याने गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती, मुलगी दहा महिन्यांची होती, आणि आईचे वय होते तेवीस. सासर नाही, माहेर नाही, भाऊ नाही. अशी बाई त्या काळात काय करू शकत होती, याचा विचार आपण आपापल्या घरातल्या लेकीबाळींना डोळ्यांसमोर आणून करावा.

त्या पुण्याला आल्या. १८८२ च्या त्या एका वर्षात त्यांनी आर्य महिला समाज काढला, व्याख्याने दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, इंग्रजी शिकायला सुरुवात केली आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करा अशी मागणी केली. हे सगळे रांगणाऱ्या मुलीला सांभाळून. चरित्रकार या कामांची यादी करतात. ती कामे चालू असताना मूल कोणाजवळ असे, ते रात्री रडले तर कोण उठे, हे यादीत येत नाही. आईलाच उठावे लागत असणार, दुसरे होते कोण?

डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. तिकिटासाठी पुस्तकाच्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले. दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत बरोबर होत्या. वाँटेज गावात अँग्लिकन सिस्टरांच्या मठात त्यांची सोय झाली. फुकट राहायचे नाही, म्हणून हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना त्या मराठी शिकवीत. काही महिन्यांतच आनंदीबाईंचा दुर्दैवी अंत झाला. सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्या आपल्या कॅथलिक मंडळातल्या नव्हत्या, आणि पुढे कोणत्याच एका चर्चच्या चौकटीत त्या नीट बसल्या नाहीत, हे इथेच सांगून टाकतो.

ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वतः शिकत होत्या आणि तिथेच संस्कृत शिकवीत होत्या. मनोरमा मात्र वाँटेजला सिस्टरांकडे राहिली. म्हणजे आज आपल्याकडे चालते तेच: आई कामाला एका गावी, लेकरू वसतिगृहात दुसऱ्या गावी. सिस्टरांनी तिच्यावर खरोखर माया केली. सिस्टर जेराल्डीन यांना मायलेकी मराठीत ‘आजीबाई’ म्हणत.

याच आजीबाईंशी रमाबाईंचे खटके उडाले. श्रद्धेच्या कितीतरी गोष्टींवर रमाबाई स्वतः विचार करीत होत्या, प्रश्न विचारीत होत्या, आणि सगळी उत्तरे त्यांना पटत नव्हती. आपल्याला न पटलेले आपल्या मुलीच्या डोक्यात कोणी आधीच भरू नये, तिला काय शिकवायचे हे आपण ठरवू, असे त्यांचे म्हणणे होते. मठाचे उपकार होते, मूल त्यांच्याकडे जेवत होते, झोपत होते. तरीही हा हक्क त्यांनी सोडला नाही. पत्रांतून हा वाद बराच चालला. मी पाद्री आहे, त्यामुळे माझे मन थोडे सिस्टर जेराल्डीन यांच्याकडेही झुकते. मुलीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईला तिच्या आत्म्याची काळजी वाटू नये तर काय? पण मुलांचे पहिले शिक्षक आईवडील आहेत, हे आपल्या चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली स्पष्टपणे मांडले आहे. रमाबाई ते ऐंशी वर्षे आधी एकट्या मांडत होत्या, आणि तेही परक्या देशात, परक्या भाषेत. मुलाला वसतिगृहात ठेवले म्हणजे त्याचे सगळे सिस्टर-फादर पाहतील, असे मानणाऱ्या पालकांनी हा प्रसंग सावकाश वाचावा. आणि वसतिगृह चालवणाऱ्या आम्हीही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. मुलगी बरोबर होती. पण सततचा प्रवास आणि भाषणे यांत तिचे हाल होत, म्हणून तिला पुन्हा वाँटेजला पाठवावे लागले. आई मात्र तिकडे लहान मुलांना कसे शिकवावे तेच शिकत होती! फ्रोबेलची बालोद्यान म्हणजे किंडरगार्टन पद्धत त्यांनी अभ्यासली, मराठी मुलींसाठी क्रमिक पुस्तके तयार करायला घेतली. १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामाला पैसे पुरवणारी संस्था स्थापन झाली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

सदन १८९० मध्ये पुण्याला आले. आता मनोरमेला आई मिळाली, पण ती आई अनेकींची होती. सेमिनरीत आम्हाला प्लेटोचे एक मत शिकवले होते, की आदर्श राज्यात मुले सगळ्यांची मिळून असावीत, कोणाची कोण हे कळूच नये. ॲरिस्टॉटलने त्यावर शेरा मारला की जे सगळ्यांचे असते त्याची काळजी कोणीच नीट घेत नाही. रमाबाईंच्या घरात दोघांचीही परीक्षा झाली. मनोरमा इतर मुलींत मिसळून वाढली; पण दिवसाची एक वेळ तिची स्वतःची होती. सकाळी रमाबाई आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करीत.

त्या खोलीचे दार उघडे असे, आणि तिथूनच वादळ उठले. सदनातल्या काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. धर्म शिकवणार नाही असे सदनाचे वचन होते. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या मुलीबरोबर प्रार्थना करताना दार लावूनही घेणार नाही. दार लावले असते तर कदाचित सगळे निभावले असते. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि वीसहून अधिक मुली पालकांनी परत नेल्या. रानडे-भांडारकरांची अडचणही खरी होती. समाजाला उत्तर त्यांना द्यायचे होते, आणि मुली विश्वासाने पाठवल्या गेल्या होत्या. उरलेल्या मुलींना घेऊन सदन चालू राहिले.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, केडगावला मुक्ती उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. आपल्या खानदेशालाही त्या वर्षाने सोडले नव्हते. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

तोपर्यंत मनोरमा मोठी झाली होती. अमेरिकेत काही काळ शिकून ती परतली, मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली. मुक्तीतल्या अंध मुलींना ब्रेल शिकवण्याच्या कामात तिचा हात होता, आणि गुलबर्ग्याला काढलेल्या शाळेचा भारही तिनेच उचलला. तिने लग्न केले नाही. जिला सतत कोणाकडे तरी ठेवून जावे लागले, ती मुलगी आईच्या कामातच येऊन राहिली. तिने मनात काही धरले होते का, हे विचारणाऱ्याने विचारावे. तिच्या वागण्यात तसे दिसत नाही.

रमाबाई या काळात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणीत होत्या. ऐकणे जवळजवळ संपले होते, शरीर थकले होते, मुक्तीची पुढची सगळी आशा मनोरमेवर होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. तिला चाळीस वर्षे पुरी झाली होती. आई पुन्हा भाषांतराच्या कागदांवर बसली आणि मरणाच्या थोडे दिवस आधी तिने ते काम पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावला देवाघरी गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले.