जॉर्ज बूल : पदवीविना प्राध्यापक

जिन्यातल्या दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणे असतात. दोन्ही सारख्या स्थितीत असली की दिवा लागतो, एक बदलले की विझतो, अशी जोडणी करता येते. संगणकाच्या भाषेत यालाच समतुल्यता म्हणतात. या विचाराला गणिताचे रूप देणारे जॉर्ज बूल यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन येथे झाला. वडील जोडे शिवत, पण त्यांचे मन दुर्बिणी आणि गणितात रमे. धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी घराचा भार जॉर्जवर आला. डॉनकास्टरच्या शाळेत त्यांनी मास्तरकी धरली. एकोणिसाव्या वर्षी लिंकनला स्वतःची शाळा काढली. भाषा आणि वरचे गणित ते बहुतांशी आपले आपणच शिकले. विद्यापीठाची पदवी नव्हती. तरी १८४४ साली रॉयल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि १८४९ साली आयर्लंडमधील कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजने त्यांना गणिताचे प्राध्यापक नेमले.

१८५४ च्या ग्रंथात त्यांनी खऱ्या विधानाला १ आणि खोट्याला ० मानून तर्काचे बीजगणित मांडले. दोन्ही विधाने खरी किंवा दोन्ही खोटी असली, तर समतुल्यतेचे उत्तर खरे. बेसिक भाषेतला 'इक्व्ह' हेच काम करतो. आकड्यांवर तो बिटागणिक चालतो. चार बिटांत ११०० खाली १०१० मांडा. जेथे जुळते तेथे १, नाही तेथे ०. उत्तर १००१.

१८५५ साली त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. ज्यांचे नाव शिखराला दिले, ते भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट मेरीबाईंचे काका. या दांपत्याला पाच मुली झाल्या. १८६४ च्या अखेरीस बूल भर पावसात चालत कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांनिशी त्यांनी तास घेतला. आजार बळावला आणि ८ डिसेंबरला, अवघ्या ४९ व्या वर्षी, ते गेले. धाकटी मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. मेरीबाईंनी लंडनला ग्रंथपालाची नोकरी धरून संसार सावरला.

१९३७ साली क्लॉड शॅनन यांनी विजेची मंडले बूलच्या बीजगणिताने मांडता येतात हे दाखवले, आणि संगणकाची वाट मोकळी झाली.

आम्ही स्वतः पदविकेवर नोकरीला लागलेले. घरची ओढाताण सांभाळून शिकणारी मुले आपल्या मंडळातही आहेत. वाचकांनी त्यांना हे चरित्र आवर्जून सांगावे, एवढीच आमची विनंती.