दुसऱ्यांची ठेव जपणाऱ्या झोराबाई

भगिनींनो, आज एका दूरदेशीच्या बाईंची ओळख करून देते. त्यांचे नाव झोरा नील हर्स्टन. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८९१ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, वडील धर्मोपदेशक. १९०४ साली आई वारली आणि पुढे शाळा सुटली. झोराबाईंनी लोकांच्या घरची कामे केली, पण शिक्षणाची आस सोडली नाही. फुकट शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सव्विसाव्या वर्षी त्यांनी आपले वय दहा वर्षांनी कमी सांगितले! १९२८ साली न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. पुढे गावोगाव हिंडून त्यांनी आपल्या लोकांच्या कथा व गाणी गोळा केली.

दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर गुल्ला लोक राहतात. भातशेतीसाठी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांची बोली निराळी, भजनाची रीतही निराळी. मे १९४० मध्ये संशोधक जेन बेलो यांच्या कामासाठी झोराबाई तेथील ब्यूफर्ट गावच्या कमांडमेंट कीपर चर्चमध्ये गेल्या. बरोबरच्या मंडळींनी एका यंत्रावर चित्रे घेतली, दुसऱ्यावर आवाज. टाळ्यांचा ठेका, वाद्यांचा गजर आणि देहभान हरपून डोलणारे भक्त त्यात टिपले गेले. अशा भक्तीला हसणारे लोक पुष्कळ होते. झोराबाई मात्र उपदेशकाच्याच घरी वाढलेल्या. ही भक्ती त्यांना परकी नव्हती. २००५ साली अमेरिकेने हा चित्रपट राष्ट्राची ठेव म्हणून जपण्याच्या यादीत घातला.

पण खुद्द बाईंच्या वाट्याला काय आले? एवढी पुस्तके लिहूनही उतारवयात पुन्हा मोलकरणीचे काम करावे लागले. २८ जानेवारी १९६० रोजी फ्लोरिडात निराधारांच्या आश्रमात त्यांनी देह ठेवला. थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो १९७३ साली लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी बसवला. मृत्यूनंतर त्यांचे कागद जाळायला घेतले होते. ओळखीच्या एका पोलीस अधिकाऱ्याने वाटेत धूर पाहिला, धावत जाऊन आग विझवली, म्हणून उरलेले वाचले.

जिने दुसऱ्यांची गाणी जपली, तिचेच कागद आगीत जात होते, हे वाचून जीव हळहळतो. भगिनींनो, घरातील जुनी वही रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, एवढेच सांगणे.