डॉक्टर आनंदीबाई जोशी

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या देशात स्त्रीने शाळेत जाणे हेच नवल होते. घरातील स्त्री आजारी पडली, तर परक्या पुरुषाने तिची नाडी पाहावी हे तिला व तिच्या घरच्यांना रुचत नसे. स्त्री डॉक्टर तर बहुधा कोठेच नव्हती. त्यामुळे कित्येक स्त्रिया दुखणे अंगावर काढीत आणि त्यातच त्यांचा अंत होई. ही उणीव दूर करण्याचा ध्यास ज्यांनी घेतला, त्या म्हणजे आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. नऊ वर्षांच्या वयात त्यांचा विवाह पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव त्यांच्याहून वयाने बरेच मोठे होते. ते स्वभावाने हट्टी व तापट होते. अभ्यासाच्या बाबतीत त्यांचा धाक मोठा असे. परंतु पत्नीने शिकलेच पाहिजे, या मताचा त्यांनी कधी त्याग केला नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. परंतु ते मूल अवघे दहा दिवस जगले. या दुःखाने त्यांचे मन पोळून निघाले. वेळेवर योग्य उपचार मिळते, तर आपल्यासारख्या कितीतरी माता या शोकातून वाचल्या असत्या, असे त्यांना वाटू लागले. पुढे त्यांनी वैद्यकविद्या शिकण्याचा निश्चय केला.

परंतु ही विद्या शिकावी कोठे? त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट मद्रासची. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ साली स्त्रियांना प्रवेश देण्यास आरंभ केला होता. मद्रास दूर असले, तरी ते आपल्याच देशात होते. तेथे जाण्यास समुद्र ओलांडावा लागत नव्हता. जातीतून बहिष्कृत होण्याचे भय नव्हते. दुसरी वाट सातासमुद्रांपलीकडील अमेरिकेची. तेथे फिलाडेल्फिया नगरात केवळ स्त्रियांसाठी १८५० साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय होते. त्या काळी समुद्रपर्यटन निषिद्ध मानले जाई. शिवाय आनंदीबाईंची प्रकृती तोळामासा, आणि तो देश अतिशय थंड.

अमेरिकेशी त्यांचा संबंध एका पत्रामुळे जुळून आला होता. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तेथील मासिकात छापले गेले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल येथे राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे बसल्या असता सहज वाचले. त्यांना या अनोळखी मुलीविषयी कळवळा वाटला. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

जवळची वाट सोडून दूरची का धरता, असे लोक विचारू लागले. तेव्हा आनंदीबाई बंगालमधील श्रीरामपूर येथे राहत होत्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी स्वतःच या शंकांचे निरसन केले. मद्रासचे महाविद्यालय आणि इलाख्यांतील सुईणींचे वर्ग यांचा विचार आपण केला आहे. परंतु तेथे स्त्रियांना मिळणारे शिक्षण अपुरे आहे आणि शिकविणारेही स्त्रियांविषयी उदार नाहीत, असे त्यांनी सांगितले. एकट्या हिंदू स्त्रीला आपल्याच देशातील रस्त्यांवरून जाताना किती कुचेष्टा सोसावी लागते, हेही त्यांनी सांगितले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही देण्यास त्या विसरल्या नाहीत. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचेही नव्हते!

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. आईवडील व भावंडे यांच्या पोषणाचा भार गोपाळरावांवर असल्याने ते बरोबर जाऊ शकले नाहीत. ४ जून रोजी बोट न्यूयॉर्कला पोहोचली. बंदरावर कार्पेंटरबाई वाट पाहत उभ्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंना आपुलकीने प्रवेश दिला. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. परंतु परीक्षा केवळ पुस्तकांची नव्हती. गोठविणारी थंडी, परका आहार आणि वरचेवर येणारा ताप यांच्याशी त्यांना झुंजावे लागले. आपला पोशाख लुगड्याचा आणि आहार शाकाहारी, हा नेम त्यांनी पाळला. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या. गोपाळरावही त्यापूर्वीच अमेरिकेस येऊन पोहोचले होते.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली. परंतु क्षयाने त्यांचा देह पोखरला होता. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, त्या अंथरुणाला खिळूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्या स्त्रियांसाठी त्यांनी एवढे कष्ट उपसले, त्यांची सेवा करण्याची संधी काळाने त्यांना दिली नाही.

त्यांच्या अस्थी अमेरिकेस पाठविण्यात आल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क प्रांतातील पकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या. तेथे आजही त्यांच्या नावाचा दगड उभा आहे. आनंदीबाईंचे काम अपुरे राहिले, तरी त्यांनी मळलेली वाट ओस पडली नाही. गुरुबाई करमरकर यांनी त्याच महाविद्यालयातून १८९२ साली पदवी घेतली, तर डॉक्टर रखमाबाईंनी लंडनला शिकून सुरतेच्या स्त्रियांची दीर्घकाळ सेवा केली. आज गावोगावच्या दवाखान्यांत स्त्री डॉक्टर रोग्यांना तपासताना दिसतात, तेव्हा आनंदीबाईंचे स्मरण अवश्य व्हावे.