अचूक मोजमापाच्या आग्रही अ‍ॅना मणी

३० मे २०२४ रोजी नागपूरच्या रामदासपेठेतील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले आणि काही तासांत हा आकडा देशभर पोहोचला. हवामान खात्याने खुलासा केला तेव्हा दोष उन्हाचा नसून संवेदकाचा असल्याचे स्पष्ट झाले. आदल्याच दिवशी दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली होती. तेथील संवेदकही प्रत्यक्षापेक्षा तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे तपासणीत आढळले.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वरोरा या पट्ट्याला उन्हाळ्याची नवलाई नाही. तरीही येथे एकेका अंशाला किंमत आहे. खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर गेला की तीव्र लाट मानली जाते. शाळेची वेळ, कोळसा खाणीतील पाळी, तेंदूपत्ता तोडणाऱ्या मजुरांची दुपार यांविषयीचे निर्णय अशा आकड्यांवर अवलंबून असतात. आकडा फुगला तर विनाकारण घबराट पसरते, उतरला तर माणसे उन्हात राहतात. दोन-चार वेळा चूक झाली की खऱ्या इशाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. मोजमापातील या चुकीविरुद्ध स्वतंत्र भारतात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत अ‍ॅना मणी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्या मूळच्या केरळच्या. पण त्यांचे उमेदीचे कार्य घडले ते पुण्याच्या वेधशाळेत.

कर्णफुलांऐवजी ज्ञानकोश

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आठ भावंडांत त्या सातव्या. वडील स्थापत्य अभियंता होते आणि घरची वेलदोड्याची लागवड होती. मुलींनी लग्नापुरते शिकावे आणि मुलांनी मोठ्या हुद्द्यावर जावे, अशी त्या घराची रीत. आठव्या वाढदिवशी प्रथेप्रमाणे हिऱ्याची कर्णफुले देऊ केली असता या मुलीने ती नाकारली आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले. वायकोम सत्याग्रहाच्या काळात महात्मा गांधी त्या भागात आले. त्यांच्या विचारांनी प्रभावित होऊन अ‍ॅना यांनी स्वीकारलेली खादी अखेरपर्यंत अंगावर राहिली. परदेशी उपकरणांवर विसंबून राहण्याची त्यांना पुढे जी खंत वाटली, तिचे मूळ या संस्कारात शोधता येते.

१९३९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. पुढील वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रमण यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे आणि माणकांचे वर्णपट तपासणे हे त्यांचे काम होते. एकेका छायाचित्रपट्टीला पंधरा ते वीस तास प्रकाश द्यावा लागे. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. मात्र एम.एस्सी. पदवी नसल्याचे कारण देऊन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. तो प्रबंध बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेत जतन करण्यात आला आहे. पदवीवाचून त्यांचे काम कधी अडले नाही.

पुण्याच्या वेधशाळेत

१९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. मनात भौतिकशास्त्राचे संशोधन होते; पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात उपलब्ध जागा होती ती हवामानाच्या उपकरणांच्या प्रशिक्षणाची. योगायोगाने हाती आलेल्या या विषयालाच त्यांनी जन्माचे कार्य मानले. १९४८ मध्ये मायदेशी परतून त्या पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. पुणेकरांना सिमला ऑफिस या नावाने परिचित असलेली ती वेधशाळा १९२८ पासून खात्याच्या कारभाराचे मोठे केंद्र होती.

स्वातंत्र्य मिळाले तरी साधा तापमापक किंवा वायुभारमापकसुद्धा ब्रिटनहून आणावा लागत असे. विभागप्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन यांनी देशी उत्पादनाचा ध्यास घेतला होता. त्याला मणी यांनी शिस्तीची जोड दिली. १९५३ मध्ये विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली तेव्हा हाताखाली १२१ पुरुष कर्मचारी होते. सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रे त्यांनी सिद्ध केली आणि त्यांबरहुकूम निर्मिती सुरू केली. उपकरण देशी आहे म्हणून त्याचा दोष पोटात घालावा, हे त्यांना कदापि मान्य नव्हते. चुकीची नोंद ठेवण्यापेक्षा नोंद नसलेली बरी, या मताच्या त्या होत्या. म्हणून प्रत्येक उपकरण प्रमाण उपकरणाशी ताडून पाहणे आणि त्यातील फरक नोंदवून ठेवणे, यावर त्यांचा भर असे.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून पाळण्यात आले. त्या निमित्ताने त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे देशभर विणले. या कामात उपकरणाइतकीच त्याची जागा महत्त्वाची असते. सूर्याची उष्णता मोजणारा पायरॅनोमीटर काटेकोर सपाटीत बसवावा लागतो आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातही त्यावर झाडाची वा खांबाची सावली पडून चालत नाही. काचेच्या घुमटावर धूळ साचली तरी आकडा उतरतो. १९६० नंतर त्यांनी वातावरणातील ओझोनकडे लक्ष वळविले आणि १९६७ पर्यंत फुग्यातून वर सोडायचे ओझोनमापक भारतात तयार झाले. दरम्यान १९६३ मध्ये विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून थुंबा येथील अग्निबाण तळावर त्यांनी हवामान वेधशाळा उभी केली.

१९६९ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून दिल्लीस गेल्या आणि १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. १९८० आणि १९८१ मध्ये त्यांचे सौर प्रारणावरील दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. देशात कोठे किती ऊन पडते याचे ते आधारभूत कोष्टक ठरले. १९८३ मध्ये पवन ऊर्जेविषयीचा ग्रंथ आला आणि पुढे वाऱ्याच्या देशव्यापी सर्वेक्षणाची धुरा त्यांनी सांभाळली. येथेही जागेचा प्रश्न कळीचा होता. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के जास्त मोजला गेला, तर विजेचा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी चुकतो. मापक इमारतीच्या आडोशाला बसविला, तर चांगली जागाही कुचकामी ठरते.

गच्चीवरील केंद्रासाठी

त्यांच्या काळात ही शिस्त वेधशाळेच्या कुंपणाआड होती. आज घरगुती हवामान केंद्रे सहज विकत मिळतात आणि वरोऱ्यासारख्या गावातही हौशी नागरिकाला ते घराच्या गच्चीवर बसविता येते. यंत्र चांगले असले तरी चुकीच्या जागी बसविले की ते हवेचे नव्हे, तर घराचे तापमान सांगू लागते.

मोजायचे असते ते सावलीतील वाहत्या हवेचे तापमान. त्यासाठी वेधशाळेत तापमापक स्टीव्हन्सन पेटीत ठेवतात. पांढऱ्या रंगाची, चहूबाजूंनी तिरप्या दुहेरी पट्ट्यांची ही लाकडी पेटी एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी योजिली. पट्ट्यांतून हवा खेळते, ऊन आत येत नाही. भारतात तिचे दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे नोंद घेताना सूर्य तापमापकावर पडत नाही. घरगुती केंद्राची पांढऱ्या थाळ्यांची चळत हेच काम करते. ती जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, गवताच्या किंवा मोकळ्या मातीच्या जागी असावी. मे महिन्यात सिमेंटची स्लॅब सूर्यास्तानंतरही कित्येक तास उष्णता सोडत राहते आणि पत्र्याचे छप्पर दुपारी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. अंगण नसल्यास कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर, स्लॅबच्या बऱ्याच वर खांब उभारणे हाच पर्याय उरतो. विदर्भात आणखी एक पथ्य पाळावे लागते. कूलरच्या झोतात संवेदक आला तर आर्द्रता खोटी वाढते आणि तापमान खोटे उतरते. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील पेटीजवळ नेमके उलटे घडते.

पर्जन्यमापक मात्र तापमापकाच्या खांबावर उंच नेऊ नये. उंचावर वारा जोरात वाहतो आणि थेंब तोंडावरून उडून जातात. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, निदान तिच्या दुप्पट अंतर राखावे आणि तोंड पाणसळीने सपाट करून घ्यावे. मृगापूर्वी त्यातील धूळ व पक्ष्यांची विष्ठा काढून, मोजून पाणी ओतून तपासणी करावी. वायुवेगमापकाची गोष्ट निराळी. त्याला प्रमाण उंची १० मीटरची आणि भोवताली मोकळे मैदान लागते. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतर असावे, असा दंडक आहे. शहरी वस्तीत ते साधत नाही, म्हणून तेथील वाऱ्याची नोंद त्या घरापुरतीच समजावी. खांब ओळंब्यात आणि ताणतारांनी पक्का हवा. तो हलला की पावसाची बकेटही आपोआप कलते आणि न पडलेला पाऊस नोंदला जातो.

अखेरची कसोटी पडताळणीची. खात्रीचा तापमापक संवेदकाशेजारी सावलीत ठेवून पहाटे आणि भर दुपारी आकडे ताडून पाहावेत. दोन्ही वेळी फरक सारखाच असेल तर दोष संवेदकाचा आहे आणि तेवढी दुरुस्ती करता येते. संवेदक पहाटे जुळतो आणि दुपारी चढा दाखवितो, असे दिसले तर दोष उन्हापासूनच्या आडोशाचा आहे. तापलेल्या स्लॅबचा दोष मात्र असा पकडता येत नाही, कारण शेजारचा तापमापकही तितकाच फसतो. त्यासाठी तो मोकळ्या जागी, झाडाच्या सावलीत नेऊन ताडावा लागतो. जागा चुकली असेल तर कागदावरची दुरुस्ती उपयोगाची नाही. खांबच हलवावा लागतो. केंद्र हलविल्याची तारीखही वहीत लिहून ठेवावी, अन्यथा दहा वर्षांनी हवामान बदलले की जागा बदलली, हे कोणाला सांगता येणार नाही.

उरलेली कोष्टके

मणी यांनी विवाह केला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी बंगळूरला पवन आणि सौर मापन उपकरणे बनविणारा छोटा कारखाना चालविला. १९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने के. आर. रामनाथन पदक देऊन त्यांचा गौरव केला. १९९४ मधील पक्षाघाताने त्यांचे हिंडणे-फिरणे थांबले आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. हयातीत सर्वसामान्यांना त्यांचे नाव फारसे ठाऊक नव्हते. २०२२ मध्ये त्यांच्या १०४ व्या जयंतीला गुगलने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले, तेव्हा अनेकांना त्यांची प्रथमच ओळख झाली.

देशात सौर प्रकल्प आणि पवनचक्क्या विरळा होत्या, तेव्हा त्यांनी उन्हाचे आणि वाऱ्याचे आकडे जमविले. पुढे प्रकल्प आखणाऱ्यांना त्या आकड्यांचा आधार घेता आला, कारण ते आकडे देणाऱ्या प्रत्येक उपकरणाची आधी परीक्षा झाली होती.